स्कूल बोर्डाचा निकाल रात्री नऊच्या आत कसा लावावा

कॅलिफोर्नियात तुम्ही घर घेतलंत, मुलांना कुठल्या शाळेत घालायचं यावरून नवरा-बायकोची भांडणं झाली, यथावकाश सिटिझनशिप मिळाली आणि आता नोव्हेंबरात आपल्याच महाराष्ट्र मंडळातलं कोणीतरी स्कूल बोर्डाला, म्हणजे शाळांचा कारभार बघणाऱ्या निवडून दिलेल्या समितीला, उभं आहे. तर पहिली गोष्ट, नियम वाचू नका. नियम वाचणारी माणसं वेगळी असतात, त्यांना रजिस्ट्रार ऑफ वोटर्सचं, म्हणजे काउंटीच्या (इथल्या जिल्ह्याच्या) निवडणूक अधिकाऱ्याचं, ऑफिस कुठे आहे ते माहीत असतं आणि पॉटलकला त्यांच्या शेजारची खुर्ची नेहमी रिकामी असते. तुम्हाला फक्त एवढं कळलं तरी पुष्कळ, की मतदान मंगळवारी रात्री आठला बंद होतं आणि त्यानंतर थोड्या वेळात काउंटीच्या साइटवर पहिला आकडा झळकतो. तो आकडा म्हणजेच निकाल.

आता कोणीतरी शहाणा सांगेल की हा पहिला आकडा म्हणजे ज्यांनी पोस्टानं मतं आधीच पाठवली त्यांचा, कारण लिफाफे तपासायचं काम मतदानाच्या चार आठवडे आधीपासून सुरू होऊ शकतं, फक्त आकडा आठच्या आधी फोडायचा नसतो. म्हणजे जे लोक सगळी कामं वेळेवर करतात त्यांचंच मत त्यात दिसतंय, आणि तुमच्यासारखे जे मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून येता येता मतपत्रिका टाकायच्या ड्रॉप बॉक्सपाशी गाडी उभी करतात त्यांचं लिफाफ्यातच आहे अजून. ऐकू नका त्याचं. लगेच ग्रुपवर अभिनंदनाचा मेसेज टाका, हार घातलेला फोटो टाका, आजी-माजी अध्यक्षांना टॅग करा, पेढ्यांची ऑर्डर कोणी द्यायची ते ठरवून टाका.

गुरुवारी लीड कमी होईल. शुक्रवारी आणखी. इथे तुमचा खरा कस लागतो. "ही मतं आली कुठून?" असं विचारायचं, आणि विचारताना आवाज थोडा खाली घ्यायचा. ती येतात कुठून ते कायद्यात लिहिलेलं आहे, म्हणजे मतदानाच्या दिवसापर्यंतचा पोस्टाचा शिक्का असेल आणि पाकीट पुढच्या सात दिवसांत पोचलं तर ते मोजायचं, पण कायद्यात लिहिलेलं आहे म्हणून कुठली गोष्ट संशयास्पद नसते असं थोडंच आहे. तुमचं मंगळवारी संध्याकाळी टाकलेलं मत म्हणजे लोकशाही, दुसऱ्याचं म्हणजे उशिरा सापडलेली मतं. हा फरक मनात पक्का ठेवा. आणि शिक्क्याबाबत खबरदारी म्हणून पुढच्या वेळी तुमचं पाकीट मंगळवारी शेवटची टपाल-उचल होऊन गेल्यावर निळ्या पेटीत टाका, म्हणजे शिक्का बुधवारचा बसेल आणि तुमची मतपत्रिका मोजणाऱ्यांना उगाच त्रास होणार नाही.

पुण्याहून काकांचा फोन येईलच. "अरे आमच्याकडे सकाळी आठला सुरू करतात आणि दुपारी जेवायच्या आत गुलाल!" काकांना हे सांगत बसू नका की तिथे मशीनचं बटण दाबलेलं असतं, आणि इथे राष्ट्राध्यक्षापासून पाणीपुरवठा मंडळापर्यंत सगळं एकाच कागदी मतपत्रिकेवर, ती लिफाफ्यात, लिफाफ्यावर सही, आणि ती सही रेकॉर्डमधल्या सहीशी ताडून बघतात. त्यापेक्षा "काका, अमेरिका मागासलेली आहे" म्हणा. काका खूश, तुम्ही सुटलात.

सहीवरून आठवलं. ही फारच उपयोगी जागा आहे. घरात दोन लिफाफे आले की ते डायनिंग टेबलावर एकावर एक ठेवायचे आणि नवऱ्यानं बायकोच्या लिफाफ्यावर सही करायची, बायकोनं नवऱ्याच्या. किंवा पंधरा वर्षांपूर्वी डीएमव्हीत (इथल्या आरटीओत) केलेली ती वळणदार सही आता बँकेच्या ॲपवर बोटानं काढता काढता नुसती रेघ झाली असेल तर ती रेघ ओढायची. मग सही जुळली नाही की काउंटी तुम्हाला पत्र पाठवेल, तुमचा नंबर असेल तर फोनही करेल, की बाबांनो सही जुळत नाहीये, हा फॉर्म भरून पाठवा, तुमचं मत मोजतो. ते पत्र जाहिरातींच्या ढिगात फेका. अनोळखी नंबर उचलायचा नाही हे तर आपल्याला माहीतच आहे. मग ग्रुपवर लिहायला मोकळे, की "आमची मतं रिजेक्ट करतात."

गोल भरण्याची कलाही शिकून घ्या. तीन जागा असतील तर मतपत्रिकेवर स्पष्ट लिहिलेलं असतं की तिनापेक्षा जास्त नको, पण आपण मन मोठं ठेवून चार भरावेत, एक देशी, एक शेजारी, एक ज्याची पाटी समोरच्या लॉनवर होती तो, आणि एक जिच्याशी किराणा दुकानात बोलणं झालं ती. मग त्या लढतीपुरतं तुमचं एकही मत मोजलं जात नाही, चौघांनाही सारखाच न्याय. बाकीच्या लढती मात्र मोजतात, हा त्यांचा हट्ट.

शाळेच्या बाँडचं, म्हणजे शाळेसाठी कर्ज काढायला मतदारांची मंजुरी घेतात त्याचं काय, तर तिथे निम्म्याहून जास्त मिळाले की जिंकलो असंच समजायचं. २००० साली प्रपोझिशन ३९ नं (मतदारांनीच मंजूर केलेला प्रस्ताव) बहुतेक शाळा-बाँडसाठी अट दोन तृतीयांशवरून ५५ टक्क्यांवर आणली आणि पार्सल टॅक्सला, म्हणजे जमिनीच्या प्रत्येक तुकड्यामागे लागणाऱ्या कराला, दोन तृतीयांश तशीच राहिली, हा तपशील झाला. ५४ टक्के मिळून बाँड पडला की "बहुमताचा अपमान" या विषयावर दोन तास बोलता येतं, ती संधी आकडेवारीसाठी घालवू नका.

एच-वन-बी व्हिसावाल्यांनी खट्टू होऊ नये, मत नसलं तरी मतं असतात आणि ती सगळ्यात जोरात तेच मांडतात. (सॅन फ्रान्सिस्कोत मात्र खरंच, १९ वर्षांखालचं मूल असलेल्या नॉन-सिटिझन पालकांना स्कूल बोर्डासाठी मत देता येतं, २०१६ च्या प्रपोझिशन एन पासून. पण तिथे नाव नोंदवायच्या आधी शहरच सावध करतं की ही माहिती इमिग्रेशनवाल्यांच्या हाती लागू शकते. हक्क देऊन वर इशाराही द्यायचा, याला म्हणतात काळजीवाहू प्रशासन.)

आता मोजणी बघायला जायचं का? मुळीच नाही. कोणीही जाऊन बघू शकतं, हात लावायचा नाही एवढीच अट आहे, आणि हीच तर अडचण आहे, बघितलं की संशय उरत नाही. निकाल अधिकृत करायच्या आधी कमीत कमी एक टक्का प्रिसिंक्ट्स (मतदानाचे छोटे विभाग) चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून त्यांतली मतं हातानं मोजतात आणि मशीनच्या आकड्याशी ताडतात, आणि एखादी लढत त्या एक टक्क्यात आलीच नाही तर तिच्यासाठी आणखी एक प्रिसिंक्ट घेतात, म्हणजे तुमच्या छोट्याशा स्कूल बोर्डालाही कोणी विसरत नाही. हे सगळं लोकांसमोर होतं. लोक नसतात. लोक ग्रुपवर "यांना जाब कोण विचारणार" असं विचारत असतात.

तुम्ही म्हणाल की नियम वाचून कधी कोणाचं भलं झालंय? म्हणूनच ओकलंडचं सांगतो, कारण तिथे काही आगाऊ लोकांनी नियम वाचले आणि चांगला लागलेला निकाल बिघडवून ठेवला. नोव्हेंबर २०२२, ओकलंड युनिफाइड स्कूल डिस्ट्रिक्ट, चौथ्या विभागाची जागा. काउंटी अलामेडा, म्हणजे आपल्या फ्रीमाँटची मतं मोजणारंच ऑफिस, फक्त फ्रीमाँटला ही पसंतीक्रमाची भानगड नाही. ओकलंडमध्ये उमेदवारांना एक, दोन, तीन असे क्रम द्यायचे, मग तळाचा उमेदवार बाद करायचा आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला वळवायची. तिघे उमेदवार होते. मोजणी झाली, निक रेझनिक जिंकले, निकालावर अधिकृत शिक्काही बसला. माइक हचिन्सन तिसरे.

आता काही मतदार असे असतात की पहिल्या पसंतीचा रकाना रिकामा सोडतात आणि दुसऱ्यापासून भरतात. का, ते देवाला माहीत. ओकलंडचा नियम साधा होता, रकाना रिकामा असेल तर पुढची पसंती वर सरकवा आणि तीच पहिली धरा. मशीनमध्ये सेटिंग वेगळं होतं, अशी मतपत्रिका त्या फेरीपुरती बाजूला ठेवा. म्हणजे कागदावर एक वाक्य, सॉफ्टवेअरमध्ये एक टिक, आणि दोघांची गाठच पडली नव्हती. अशा मतपत्रिका काही थोड्याच होत्या, पण पहिल्या फेरीत तळाला कोण हे ठरवायला तेवढ्या पुरल्या, आणि चुकीचा माणूस आधी बाद झाला. आता मजा अशी की मशीननं मोजण्यात काही चूक केली नव्हती, तिला जे सांगितलं होतं ते तिनं अगदी चोख मोजलं. तुमच्याआमच्यात कितीतरी जण सॉफ्टवेअरमध्ये आहेत, डिफॉल्ट कॉन्फिग तसंच प्रॉडक्शनला गेलं म्हणजे काय होतं ते त्यांना मी सांगायला नको.

काउंटीनं मतपत्रिकांचा कच्चा डेटा उघड केलेला होता. पसंतीक्रम पद्धतीचा प्रचार करणाऱ्या संघटनांतल्या लोकांनी तो घेऊन पुन्हा चालवून बघितला आणि डिसेंबरच्या शेवटी रजिस्ट्रारला जाहीर करावं लागलं की योग्य सेटिंगनं हचिन्सन जिंकतात. दुसऱ्या कुठल्या लढतीचा विजेता बदलला नाही, फक्त हीच. पण शिक्का बसल्यावर रजिस्ट्रारला स्वतःहून निकाल फिरवता येत नाही, त्यामुळे जानेवारीत रेझनिक यांनी शपथ घेतली, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२३ मध्ये कोर्टानं हचिन्सन यांना विजयी ठरवलं. बघा म्हणजे. तो डेटा उघड ठेवला नसता आणि कोणी वाचला नसता तर सगळं कसं शांत राहिलं असतं.

तर यातून तुम्ही घ्यायचं ते एवढंच, की "मशीन हॅक झालं" म्हणायचं, पण सेटिंग काय होतं ते विचारायचं नाही.

फेरमोजणी मागायची असेल तर कोणीही मतदार मागू शकतो, निकाल अधिकृत झाल्यापासून पाच दिवसांत. फक्त खर्च मागणाऱ्याचा, रोजचे पैसे रोज आगाऊ भरायचे, आणि निकाल बदलला तरच परत मिळतात. इथपर्यंत आल्यावर बहुतेकांचा लोकशाहीवरचा विश्वास एकदम पुन्हा बसतो. आणि समसमान मतं पडली तर? स्कूल बोर्डाला दोनच वाटा, चिठ्ठी टाका नाहीतर पुन्हा मतदान घ्या, आणि कुठली वाट ते निवडणुकीआधीच ठरवलेलं असावं लागतं. चिठ्ठीला हसू नका, २०१७ ला मुंबई महापालिकेच्या वॉर्ड २२० चा निकालही तसाच लागला होता.

पण हे सगळं टाळायचा रामबाण उपाय आहे आणि कॅलिफोर्नियात तो बऱ्याच ठिकाणी वापरतात. जागा जेवढ्या, उमेदवार तेवढेच असू द्या. मग ती लढत मतपत्रिकेवर छापतच नाहीत, जे उभे राहिले ते नेमल्यासारखे बसतात. सही नाही, शिक्का नाही, सेटिंग नाही, काकांचा फोन नाही. ऑगस्टमध्ये फॉर्म भरायची मुदत संपली की निकाल लागला, रात्री नऊची वाट कशाला बघायची! त्यामुळे शाळेबद्दल ज्याच्या काही तक्रारी आहेत अशा कोणालाही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लेक टाहोला फिरायला पाठवा. एकच सांभाळा, जुन्या मेंबरनं फॉर्म भरला नाही तर बाकीच्यांसाठी मुदत आणखी पाच दिवस वाढते, तेव्हा टाहोचं बुकिंग करताना तेवढे दिवस जास्तीचे धरा.