इंटर्नशिपचे पत्र म्हणजे उत्खननाचा परवाना नव्हे

रायगड, राजगड, जिंजी यांसह १२ किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आल्यापासून, संशोधन इंटर्नशिपचे पत्र असलेल्या विद्यार्थ्याला गडावर खोदून पाहता येते आणि सापडलेले नाणे अभ्यासासाठी घरी नेता येते, असा संदेश फिरत आहे. तो सपशेल चुकीचा आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार संरक्षित स्मारकाच्या आवारात परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही, आणि १० रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्यास गुप्तधनाविषयीच्या १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. मातीतून डोकावणारे साधे खापरसुद्धा उपटू नये, कारण ते नेमके कोणत्या थरात होते ही माहिती खापराहून मोलाची असते आणि ती त्याच क्षणी कायमची जाते. इंटर्नने मोजमापे, छायाचित्रे, नोंदी कराव्यात आणि जमल्यास जुन्या मराठी कागदपत्रांची मोडी लिपी शिकावी. दप्तरखान्यांत मोडीतले न वाचलेले कागद ढिगाने पडून आहेत.