सतरावी ओळ लपवा

कर्ज काय, कुणीही फेडतं. दर महिन्याला जमेल तेवढं भरायचं, आकडा उतरत जातो, एक दिवस शून्य होतो आणि विषय संपतो. चारचौघांत दाखवण्यासारखं काही उरत नाही. डोक्यावर कर्ज असताना लाभांशाचे शेअर जमवणं, जोडधंद्याची पै न् पै टिपून ठेवणं आणि या साऱ्याचा रंगीत तक्ता सांभाळणं ही मात्र कला आहे. मी ती काही वर्षं मनोभावे जोपासली. अनुभवाचे बोल फुकट देतोय, कारण मोबदला घेतला तर तो कोणत्या रकान्यात टाकायचा यात माझी पुन्हा एक संध्याकाळ जाईल.

सुरुवात तक्त्यापासून करा. शेअर नंतर, कमाई त्याहून नंतर. लाभांशाला हिरवा रंग द्या, जोडकमाईला निळा. (वरकमाई म्हणू नका, त्या शब्दाची ख्याती निराळी आहे.) कर्जाचीही एक ओळ असू द्या, नाहीतर मन खातं. माझ्या फाइलीत ती सतरावी आहे. ओळ भरून झाली की डावीकडच्या १७ या आकड्यावर राइट क्लिक करा आणि ‘हाइड’ निवडा. ओळ पुसली जात नाही, फक्त दिसत नाही. म्हणजे खोटं बोलल्याचा ठपका नाही आणि खरं बघायची सक्तीही नाही. एक खाचखळगा तेवढा सांभाळा: बेरजेचं सूत्र लपवलेली ओळसुद्धा मोजतं. ते सूत्र फार सरळमार्गी आहे. तेव्हा बेरीज सोळाव्या ओळीवरच थांबवा.

आता एका माणसापासून तुम्हाला सावध करायला हवं. लुका पाचोली नावाच्या फ्रान्सिस्कन साधूने १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये गणिताचा एक जाडजूड ग्रंथ छापला. दुहेरी नोंदीची पद्धत व्यापारी आधीपासून वापरत होतेच. याने ती छापून कुणाच्याही हाती पडेल अशी सोय केली. जमा आली की तिची दुसरी बाजूही लिहायची, असा तो सगळा खोडसाळपणा. एवढ्यावर न थांबता त्याच ग्रंथात त्याने ७२ चा नियमही देऊन ठेवला: वर्षाच्या टक्केवारीने ७२ ला भागा, रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते कळतं. समजा तुमचे शेअर वर्षाला ३ टक्के लाभांश देतात, तुम्ही तो पुन्हा त्यातच घालता आणि भाव जागचा हलत नाही. दुप्पट व्हायला २४ वर्षं. क्रेडिट कार्डाचं कर्ज महिन्याला २ टक्के, म्हणजे वर्षाला २४. दुप्पट व्हायला ३ वर्षं. आकडे तेच, फक्त खुर्च्या बदलून बसलेले. तुमची पुंजी एकदा दुप्पट होईतो हात न लावलेलं कर्ज आठदा दुप्पट झालेलं असेल, म्हणजे २५६ पट. अर्थात इतकी वर्षं वाट पाहण्याइतकी सहनशील बँक कुठे असते म्हणा. तरीही असली भागाकाराची पुस्तकं घरात ठेवू नका.

उलट फोन जवळ ठेवा. माझ्या फोनवर एका संध्याकाळी पाठोपाठ दोन मेसेज आले. पहिला: खात्यात ४१.६० जमा, लाभांश. दुसरा: कार्डावर १,८७०.०० व्याज आकारलं. मी पहिल्याचा स्क्रीनशॉट काढला. काढताना दुसरा मेसेजही चौकटीत येत होता, म्हणून कात्री मारली. मग तो मित्रांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘झोपेतली कमाई!’ अकरा अंगठे आले. एकाने विचारलं, कोणता शेअर? त्याला मी पाऊण तास समजावून सांगितलं. त्या पाऊण तासात दुसऱ्या मेसेजने किती मजल मारली असेल हे मोजायला माझ्या तक्त्यात रकाना नाही, आणि तो नाही हीच तक्त्याची खुबी.

गणिती स्वभावाचा एखादा नातेवाईक म्हणेल, ‘लाखाच्या कर्जावर वर्षाला चोवीस हजार व्याज. ३ टक्के लाभांशातून तेवढं काढायचं तर आठ लाखांचे शेअर लागतील. आठ लाख असते तर तू लाखाचं कर्ज ठेवलं असतंस का?’ अशा माणसाशी वाद घालू नये. दात कोरून पोट भरत नाही, असं तो पुढे म्हणणारच असतो. त्याला म्हणा, पण दात तर स्वच्छ होतात.

लाभांश म्हणजे फुकटचा पैसा, ही श्रद्धा मात्र कधी ढळू देऊ नका. एक्स-डेटच्या दिवशी, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही त्या दिवशी, शेअरचा भाव साधारण लाभांशाइतका खाली उघडतो, कारण तेवढी रोकड आता कंपनीची राहिलेली नसते. शंभराच्या शेअरवर तीन मिळाले, तर हातात तीन आणि शेअर सत्त्याण्णवचा. बाजाराची रोजची चढउतार इतकी असते की हे डोळ्यांना जाणवत नाही, ही देवाची कृपा. मर्टन मिलर आणि फ्रँको मोदिग्लियानी या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये लिहून ठेवलंय की कर आणि व्यवहारखर्च बाजूला ठेवले, तर कंपनी लाभांश देते की नाही याने भागधारकाच्या एकूण संपत्तीत फरक पडत नाही. पुढे दोघांनाही नोबेल मिळालं. नोबेल मिळालेल्या माणसांना स्क्रीनशॉटचं सुख काय कळणार? त्यातल्या त्यात रिचर्ड थेलर आपला माणूस. माणूस मनात वेगवेगळ्या थैल्या करतो आणि एका थैलीतला पैसा दुसरीतल्या पैशाहून निराळा समजतो, हे त्याने नीट मांडलं. त्यालाही २०१७ मध्ये नोबेल मिळालं. चूक कशी होते हे तो समजावत होता, तेवढा भाग वगळून वाचा.

शेअर निवडताना यील्ड बघा, नुसती यील्ड. यील्ड म्हणजे लाभांश भागिले भाव. लाभांश तोच राहिला आणि भाव निम्म्यावर आला, की ४ टक्क्यांची यील्ड ८ टक्के होते. कंपनी जितकी खंगत जाईल तितका तिचा आकडा तुमच्या तक्त्यात गुटगुटीत दिसेल. जनरल इलेक्ट्रिक ही एके काळी लाभांशाच्या बाबतीत डोळे मिटून भरवसा ठेवावा अशी कंपनी. २००९ मध्ये तिने लाभांश कापला, २०१७ मध्ये निम्मा केला आणि २०१८ मध्ये तिमाहीला १ सेंटवर आणला. पण ती गोष्ट इतरांची. कंपनी मनात आलं की लाभांश थांबवू शकते, तुम्हाला मनात आलं म्हणून हप्ता थांबवता येत नाही, हा भेदभाव मी तरी खिलाडूवृत्तीने घेतो. डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली १६०२ मध्ये. तिने पहिला लाभांश दिला १६१० मध्ये, आणि तोही जायपत्रीच्या रूपात! भागधारकांनी आठ वर्षं वाट पाहिली ती मसाल्यासाठी. तुम्ही हप्त्याऐवजी मूठभर जायपत्री देऊन बघा. कर्ज देणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मला जरूर कळवा.

जोडकमाईची नोंद कायम ठोक करा. शिकवणी घेतली, भाषांतर केलं, कुणाची वेबसाइट बांधून दिली, जे हातात आलं ते निळ्या रकान्यात. येण्याजाण्याचा खर्च, कामासाठी घेतलेलं सॉफ्टवेअर, पुढे भरावा लागणारा कर, गेलेले तास हे वजा करायला बसलात तर निळा रंग फिका पडतो. मी एकदा तासांचा रकाना घातला होता. भाषांतराच्या एका कामात ताशी जे पडलं ते बघून तो रकाना आठवडाभरात उडवला. त्यातून तक्ता भरायला लागलेला वेळही मोजायचा म्हटलं, तर काही महिने मीच कुणालातरी देणं लागलो असतो.

आणि हे पैसे चुकूनही कर्जात घालू नका. का, ते सांगतो. लाखाचं कर्ज, महिन्याला २ टक्के व्याज, हप्ता अडीच हजारांचा. फिटायला ८२ महिने लागतात आणि भरले जातात दोन लाख तीन हजारांच्या आसपास. आता जोडकमाईतले फक्त पाचशे त्यात मिळवले, हप्ता तीन हजार झाला, तर खेळ ५६ महिन्यांत आटोपतो आणि एकूण भरणा एक लाख साडेसहासष्ट हजारांच्या घरात राहतो. सव्वीस महिने आणि छत्तीस-सदतीस हजार हकनाक वाचतात. त्यातही वाईट असं की या वाचण्यावर कर बसत नाही, बाजार पडला म्हणून ते कमी होत नाही, आणि त्याचा मेसेजही येत नाही. तेच पाचशे ५६ महिने शेअरमध्ये घाला. अठ्ठावीस हजार जमतात, भाव आहे तिथेच राहिला तर ३ टक्क्यांनी वर्षाला ८४० लाभांश, म्हणजे महिन्याला सत्तर. सत्तर! भाव वाढतीलही म्हणा, पडतीलही. पण दर वेळी मेसेज येणार, हे नक्की.

स्वस्त व्याजाच्या लांब मुदतीच्या कर्जाचं गणित वेगळं असतं, तिथे सोबतीने गुंतवणूक करण्यात शहाणपण असू शकतं. हे वाक्य फार उपयोगी आहे. ते पाठ करा आणि कार्डाच्या कर्जाबद्दल कुणी छेडलं की वापरा.

लाभांश हा पाहुणा आहे, वर्षातून एकदा-दोनदा येतो. व्याज घरजावई आहे. पाहुण्याचं कौतुक जास्त होणारच.

परवा मी मुदतपूर्व निवृत्तीचं वर्ष काढत बसलो होतो. लाभांश दर वर्षी १० टक्क्यांनी वाढेल असं एका खान्यात लिहायचं, त्याचा कोपरा धरायचा आणि समाधान होईपर्यंत खाली ओढत न्यायचं, अशी ती पद्धत आहे. मी २०६१ पर्यंत पोचलो होतो. मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. तिला नुकतेच वीसपर्यंत आकडे यायला लागलेत, दिसतील तिथे मोठ्याने वाचत सुटते. पडद्याच्या डाव्या कडेवर बोट ठेवून तिने सुरुवात केली, चौदा, पंधरा, सोळा, अठरा. थांबली. पुन्हा सोळापासून म्हणून पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘बाबा, तू सतरा विसरलास.’

तेव्हा शेवटची सूचना: ज्यांना नुकतंच मोजता येऊ लागलंय, अशांसमोर ही फाइल उघडू नका.