कलर मोठा की सिक्वेन्स?

आमच्या घरी गणपतीत रात्री पत्ते खेळणं हे आरतीइतकंच सक्तीचं आहे. समई तेवत ठेवायची तर कुणीतरी जागं हवं, आणि जागं राहायचं तर पत्ते हवेत. संध्याकाळी झब्बू, जेवणं आटोपली की मेंढीकोट, आणि पोरंटोरं आडवी झाली की चिंचोक्यांवर तीन पत्ती. पैसे लावायचे नाहीत, हा आईचा नियम. मध्यंतरी शेंगदाणे लावून पाहिले, पण डाव संपायच्या आत दादा ते खाऊन टाकतो. चिंचोका कुणी खात नाही.

यंदा भाचा पुण्याच्या हॉस्टेलवरून आला तोच "आत्या, आज पोकर!" म्हणत. "अगं, सोपं आहे. प्रत्येकाच्या हातात दोन झाकली पानं, मध्ये पाच उघडी. सातातली चांगली पाच धरायची. ज्याची पाच मोठी, तो जिंकला."

मोठी म्हणजे कशी, एवढंच मी विचारलं. त्याने एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर दहा ओळी लिहून काढल्या. सगळ्यात खाली नुसतंच मोठं पान, त्यावर जोडी, मग दोन जोड्या, मग तीन सारखी. इथवर कुणाची तक्रार नव्हती. त्यावर सिक्वेन्स, म्हणजे ओळीने येणारी पानं. आणि सिक्वेन्सच्या डोक्यावर कलर, म्हणजे सगळी पानं एकाच रंगाची, सगळी बदामाची किंवा सगळी इस्पिकची.

"चुकलं तुझं," मी म्हटलं. "सिक्वेन्स वर, कलर खाली."

"ते तीन पत्तीत, आत्या. पोकरमध्ये उलटं."

उलटं कसं? आयुष्यभर मी सिक्वेन्स दाखवून लोकांचे कलर झोपवले. नवऱ्याशी माझं अनेक बाबतींत पटत नाही, पण कलरपेक्षा सिक्वेन्स मोठा यावर आमचं लग्नाआधीपासून एकमत आहे. आणि हा कालचा पोरगा लग्नपत्रिकेवर लिहून देतो की उलटं!

मग त्याने गणित काढलं. बावन्न पानांतून तीन उचलायची तर २२,१०० प्रकार होतात. प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाचा सिक्वेन्स, बाजूला ठेवला तर त्यांत सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून तो मोठा. पाच पानं उचलायची तर प्रकार २५,९८,९६०. त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. इथे कलर दुर्मीळ, म्हणून कलर मोठा. थोडक्यात, मीही बरोबर आणि तोही बरोबर. भांडणाचा याहून निरुत्साही निकाल मी पाहिलेला नाही.

त्यातच त्याने आणखी एक गंमत दाखवली. तीन पानांत साधी जोडी लागायचे प्रकार ३,७४४, आणि पाच पानांत फुल हाउसचे, म्हणजे तीन सारखी अधिक एक जोडी, हेही बरोबर ३,७४४. हे मला भारी आवडलं, पण त्याने एक चिंचोकाही मिळत नाही. शिवाय हाउजीत ज्या फुल हाउससाठी बायका जिवाचा आटापिटा करतात, त्याच्या वर इथे चार सारखी, स्ट्रेट फ्लश (आपला प्युअर सिक्वेन्सच, पण पाच पानांचा) आणि रॉयल फ्लश (त्यातला दश्शीपासून एक्क्यापर्यंतचा) बसलेले. रॉयल फ्लश पाच पानांत सरळ लागायचा तर ६,४९,७४० वाटपांत एकदा. तो यायचा तर आमच्या बाप्पाला दीड दिवस पुरायचा नाही.

खरी चीड मला एक्का-दुरी-तिरीची आली. आमच्याकडे एक्का-राजा-राणीच्या खालोखाल तिचा मान. पोकरमध्ये तिला चौकी-पंजी जोडून सिक्वेन्स होतो खरा, पण सगळ्या सिक्वेन्सांत सर्वांत खालचा. दुसऱ्या नंबरवरून थेट तळाला! सरकारी खात्यातसुद्धा इतकी वाईट बदली करताना साहेब दोनदा विचार करतात.

खेळ सुरू झाला. वहिनीने पहिल्याच डावात पानं पसरली आणि आनंदाने ओरडली, "तीन जोड्या!" एक्के, अठ्ठ्या आणि चौक्या. भाचा म्हणाला, तीन जोड्या असा प्रकारच नाही, पाचच पानं मोजायची, म्हणून चौक्यांची जोडी वाया. वहिनीच्या मते मेहनतीने जमवलेली जोडी अशी फेकणं शोभत नाही. तिला बरं वाटावं म्हणून त्याने एक्के-अठ्ठ्यांची थोरवी सांगितली. १८७६ साली अमेरिकेत डेडवूड गावी वाइल्ड बिल हिकॉक नावाच्या माणसाला पोकर खेळताना मागून गोळी घातली, तेव्हा त्याच्या हातात हीच पानं होती असं सांगतात. आई मखराकडे बघून म्हणाली, "अरे, देवासमोर काय बोलतोस!" वहिनीने पानं पटकन पालथी घातली.

दादाला मात्र हा खेळ पहिल्या फटक्यात कळला. एका डावात मधली पाचही पानं बदामाची आली, आणि "कलर!" म्हणून तो उभाच राहिला. ती पानं सगळ्यांचीच असल्यामुळे कलरही सगळ्यांचाच होता. कुणाच्याच हातात बदाम नव्हता, तेव्हा चिंचोके सारखे वाटले गेले. तरी तो बराच वेळ उभाच होता.

मग आला माझा डाव. मध्ये बदामाचा एक्का, राजा, राणी, नव्वी आणि छक्की, रंग मिसळलेले. माझ्याकडे इस्पिकचा एक्का आणि तिरी, वहिनीकडे किलवरचा एक्का आणि दुरी. बाकीच्यांनी पानं केव्हाच टाकली होती.

"एक्क्याची जोडी दोघींची," मी म्हटलं, "पण माझा इस्पिकचा."

"पोकरमध्ये इस्पिक मोठा नसतो. चारही रंग सारखे."

"बरं. माझी तिरी तिच्या दुरीहून मोठी."

"पाचातच येत नाही ती. दोन एक्के, राजा, राणी, नव्वी. झाली पाच. दोघींचे अर्धे-अर्धे."

चिंचोके निघाले सतरा. आठ माझे, आठ वहिनीचे, आणि एक उरला. त्याचाही नियम आहे म्हणे: वाटणाऱ्याच्या डाव्या हाताकडून मोजत आधी जो बसला असेल, त्याचा. वाटणारा भाचा, डावीकडे वहिनी. तिने तो चिंचोका उचलून पदराला पुसला आणि म्हणाली, "नियम म्हणजे नियम, वन्सं."

पुढचा डाव सुरू व्हायच्या आत मी वहिनीला उठवून भाच्याच्या डाव्या हाताला जाऊन बसले. तर म्हणे, आता वाटायची पाळी माझी, आणि उरलेल्या चिंचोक्याच्या रांगेत वाटणारी सगळ्यात शेवटी.