बास्केट नंतर मोजा, आधी जॉगिंग ट्रॅक बघा

नाशिकच्या उद्यानात डिस्क गोल्फ आणावा, हे लेखातलं म्हणणं पटलं. (टी म्हणजे फेकीच्या ठरलेल्या जागेवरून डिस्क, म्हणजे चकती, फेकत कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायची, असा हा खेळ.) पण जागा फक्त किती बास्केट बसतात यावर ठरवू नका. गोल्फ क्लब मैदानावर पहाटे किती लोक फिरतात ते एकदा जाऊन बघा. डिस्क दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमची, त्यात लांब फेकायच्या डिस्कची कड चांगलीच टणक. एखाद्या आजोबांच्या कानशिलावर बसली तर खेळ त्याच दिवशी बंद! म्हणून टी आणि बास्केट यांच्यामधून पायवाट जाता कामा नये, एका होलची (टी ते बास्केट असा एक टप्पा) फेक दुसऱ्याच्या टीकडेही नको.

गोदावरीकाठचा गोदापार्क दिसायला झकास, पण मोठ्या पुरात पाण्याखाली जातो, आणि बहुतेक डिस्क पाण्यात बुडतात. पांडवलेणीच्या पायथ्याकडे झाडी नि चढउतार दोन्ही आहेत, मला तीच बाजू बरी वाटते. टी काँक्रीटचाच हवा, पावसाळ्यात चिखलात पाय ठरत नाही. अंतर आणि पार (म्हणजे त्या होलला अपेक्षित फेकी) लिहिलेले फलक तर लागतातच.

कॅलिफोर्नियातला १९७५चा डिस्क गोल्फचा पहिला कायमस्वरूपी कोर्सही (मैदान) सार्वजनिक बागेतच झाला, तेव्हा तिकीट वगैरे लावू नका. बास्केटच्या लोखंडी साखळ्या चोरीला जाऊ नयेत म्हणून लक्ष कोण ठेवणार, ते मात्र लेखात कुठेच नाही.