सत्तावीस देवळांची सत्तावीस नक्षत्रं करू नका

माझी भाची आठवीत आहे. दिल्लीची सहल झाल्यावर तिला प्रकल्पवही करायची होती आणि कुतुबमिनाराच्या पानावर तिने आजोबांच्या मोबाइलवर आलेला मजकूर जसाच्या तसा उतरवला. तुम्हालाही तो आला असेल. मिनार म्हणजे मुळात विष्णुध्वज, वराहमिहिर या जुन्या ज्योतिषाने विक्रमादित्यासाठी बांधलेली वेधशाळा. भोवती सत्तावीस नक्षत्रांची सत्तावीस मंदिरं. २१ जूनला त्याची सावलीच पडत नाही. दिल्लीचा सुलतान कुतुबुद्दीन ऐबक, त्याला चार वर्षांत एवढं बांधणं शक्य नव्हतं, त्याने फक्त वरून कुराणाच्या आयती खोदल्या. बाबांशी यावर माझा दोनदा वाद झालाय. पण आता ते पोरीच्या वहीत गेलं, म्हणून सगळं लिहून काढतोय.

वराहमिहिराचं आधी उरकतो. त्याच्या पंचसिद्धांतिकेतलं गणित शके ४२७, म्हणजे इ.स. ५०५ धरून चालतं. विक्रमादित्य म्हणवणारा दुसरा चंद्रगुप्त त्याच्या जवळजवळ नव्वद वर्षं आधी वारला. दोघांची गाठच पडत नाही.

सावलीचं गणित मी कागदावर मांडलं, तुम्हीही मांडा. मिनार ७२.५ मीटर उंच. व्यास पायाशी १४.३ मीटर, माथ्याशी २.७. दिल्लीत २१ जूनच्या माध्यान्ही सूर्य डोक्यापासून पाच अंशांच्या आसपास दक्षिणेला असतो. त्या हिशेबाने माथ्याची सावली मध्यापासून उत्तरेला ७.८ मीटरपर्यंत जाते आणि पायाची कड आहे ७.१५ मीटरवर. म्हणजे सावली पडते, पण पायाबाहेर पाऊण मीटरसुद्धा येत नाही. दिल्लीत एवढाच निमुळता दुसरा कुठलाही बुरूज बांधा, हेच दिसेल. वेधाचं साधन कसं असतं ते त्याच शहरात जंतरमंतरला जाऊन बघावं. सम्राट यंत्राची तिरपी कड ध्रुवाकडे रोखलेली आहे आणि सावली मोजायला बाजूच्या कमानींवर खुणा आहेत. मिनारावर अशी एक खूण दाखवा.

आता सत्तावीसचा मुद्दा. मला खरा राग याचा आहे. हा आकडा आला कुठून? मिनाराशेजारच्या मशिदीच्या पूर्व दरवाजावर फारसी शिलालेख आहे, हिजरी ५८७ चा. त्यात बांधणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय की सत्तावीस देवळांचं सामान या मशिदीत वापरलं आणि त्या प्रत्येक देवळावर वीस लाख देहलीवाल, म्हणजे तेव्हाची दिल्लीची नाणी, खर्च झाले होते. १९२६ साली जे. ए. पेज यांनी पुरातत्त्व खात्यासाठी कुतुब परिसरावर जो ग्रंथ लिहिला, त्यात हे सगळे लेख दिलेले आहेत.

मशिदीच्या ओवऱ्यांत उभं राहिलं की लेख वाचायचीही गरज उरत नाही. छताला उंची मिळावी म्हणून एका खांबावर दुसरा खांब चढवलाय, दोघांची नक्षी जुळत नाही. साखळीला लटकणारी घंटा, कलश, कीर्तिमुखं, आणि मधूनच मूर्तीचा छिन्नीने सपाट केलेला चेहरा. ही खरीखुरी देवळं होती, हिंदूंची आणि जैनांची. कोणीतरी पैसे घातले होते, कोणीतरी रोज दिवा लावत होतं. ती पाडली गेली, याचा पुरावा पाडणाऱ्यांच्याच हातचा दगडावर आहे. आणि धर्माच्या अभिमानाने पुढे पाठवलेला हा मजकूर त्याच देवळांना वेधशाळेचे कप्पे करून टाकतो! जे गेलं तेही पुसलं जातं, आणि पोरीला वाटतं की सत्तावीस म्हणजे अश्विनी ते रेवती.

विष्णुध्वजाचं थोडं मान्य करावं लागेल. अंगणातल्या लोहस्तंभावर चंद्र नावाच्या राजाचा संस्कृत लेख आहे, त्यात ‘विष्णोर्ध्वजः’ हे शब्द आहेत. पण तो ध्वज म्हणजे लोखंडाचा खांब, सुमारे सात मीटरचा, आणि तो विष्णुपद नावाच्या डोंगरावर उभारला होता असं त्याच ओळीत म्हटलंय. शेजारच्या मिनाराशी त्याचा संबंध नाही.

चार वर्षांचाही मुद्दा अर्धा खरा. ऐबक सुलतान होता १२०६ ते १२१०. पण त्याआधी कित्येक वर्षं तो घुरींचा, म्हणजे अफगाणिस्तानातल्या घुरी राजघराण्याचा, सेनापती म्हणून दिल्ली सांभाळत होता, आणि त्याने बांधला फक्त पहिला मजला. वरचं काम पुढचा सुलतान इल्तुतमिश याचं. उंच मिनार घुरींना नवे नव्हते, अफगाणिस्तानात जामचा त्यांचा विटांचा मिनार आजही साठ मीटरच्या वर उभा आहे. आयती नंतर खोदल्या म्हणणाऱ्याने मिनारावरचा आयतींचा पट्टा जवळून पाहिलेला नाही. अक्षरं उठावाची आहेत, पन्हळींच्या वळणाबरोबर वळतात. तयार भिंतीवर नंतर उठाव कसा येईल?

आपल्या माणसांचं या मिनारात काही आहेच, ते शोधायला वराहमिहिर लागत नाही. फिरोजशाह तुघलकाच्या काळात वीज पडून वरचा भाग ढासळला. दुरुस्ती झाली, चौथ्या-पाचव्या मजल्यांवरचा पांढरा संगमरवर तेव्हाचा. काम करणाऱ्यांनी नागरी लेख कोरून ठेवला: हे विश्वकर्म्याच्या प्रसादाने रचलं. खाली सूत्रधारांची, म्हणजे मुख्य कारागिरांची नावं, चाहड, नाना, सल्हा.

भाचीने ते पान फाडलं आणि या तिघांची नावं घालून नवं लिहिलं. बाबा गप्प होते. मग त्यांनी माझ्याकडून पेज यांच्या ग्रंथातलं ते पान मागून घेतलं आणि विश्वकर्म्याचं नाव कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगितलं.