पाचवा ते चौदावा

ताईला मुलगा झाला. दाजी पुण्याहून धावत आले, पोराला बघितलं, डोळे पुसले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "फोटोग्राफरचं तेवढं तू बघ."

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे सांगलीत, म्हणजे सगळी कामं मामाच्या अंगावर. डिंक, अळीव, बाळंतशेपा, शेगडीचे कोळसे ही यादी मी मनातल्या मनात केलेली होती. फोटोग्राफर तीत नव्हता. मी सहकारी बँकेत केवायसी बघतो. फोटो चेहऱ्याशी जुळतो की नाही, इथवरच माझं छायाचित्रणातलं ज्ञान. आणि त्या दिवशीचा भाच्याचा चेहरा तर सकाळी एक, दुपारी एक आणि रडताना तिसराच होता. बँकेत आला असता तर मी परत पाठवला असता.

दाजींनी पुण्यातल्या एका स्टुडिओचा नंबर दिला होता. पलीकडची मुलगी अतिशय गोड बोलली. 'सर, डिलिव्हरी कधी झाली?' 'काल.' 'मग आपल्याकडे फार वेळ नाहीये सर.' माझ्या पोटात गोळा आला. नवजात बाळाचे फोटो म्हणे पाचव्या ते चौदाव्या दिवसांतच काढायचे. तोवर बाळ पोटात होतं तसं मुटकुळं करून राहतं, दिवसातले सोळा-सोळा तास झोपतं, कसंही गुंडाळलं तरी तक्रार करत नाही. पुढे ते हातपाय ताणायला लागतं, तोंडावर बारीक पुरळ येतं, पोटात वायू धरतो. मग थीम घेऊन काही उपयोग नाही.

थीम! कोबीच्या गड्ड्यात नि कुंडीत बाळं बसवण्याचं हे वेड नव्वदच्या दशकात ॲन गेडिस या बाईंच्या कॅलेंडरांनी जगभर नेलं. न्यूझीलंडमधून निघालेली ती साथ आमच्या विश्रामबागेत पोचेपर्यंत तिचं पार धर्मांतर झालं होतं. यादीत बाळकृष्ण (मोरपीस, बासरी, लोण्याचं मडकं), वारकरी (टाळ, तुळस, इवलंसं उपरणं), पायलट, शेफ आणि चंद्रकोरीवर झोपलेलं बाळ एवढे प्रकार होते. आईला बाळकृष्ण हवा होता. बाबा वारकऱ्यावर अडून बसले, कारण ते तीन वर्षं आळंदी ते सासवड चालले आहेत. दाजींना पायलट. ताई म्हणाली, "मला काही नको, फक्त अर्थी टोन." आजीनं विचारलं, ही कुठली मिठाई? (मातकट रंग, आजी.)

पंचवीस हजार, वर अठरा टक्के जीएसटी, वर पुणे-सांगली गाडीभाडं. शिवाय अट अशी की खोली सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर ठेवायची, त्यासाठी हीटरची सोय आपण करायची. एप्रिलच्या सांगलीत हीटर मागणाऱ्या त्या मुलीला मी म्हणालो, "ताई, आम्ही पंखा बंद केला तरी तुमचं समाधान होईल."

एवढ्यात तिसरा दिवस उजाडला आणि पोरगं पिवळं पडलं. हळदीच्या गावात जन्मलं, रंग उतरायचाच, असं बाबा म्हणाले. पण डॉक्टरांनी बिलिरुबिन तपासलं आणि सांगितलं, "काळजीचं नाही, बऱ्याच बाळांना होतं. दोन दिवस फोटोथेरपी देऊ." आजी ताडकन उठली. "हितं बी फोटो? आरं, पोराला निळं पडू द्या की जरा!" निळं पडू द्या म्हणजे काय, ते तिलाही सांगता आलं नसतं. पण खरोखर निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी बांधून, नुसत्या लंगोटावर भाचेबुवा पहुडले. काचेबाहेर सगळं खानदान मोबाइल उंचावून उभं. पुण्याच्या स्टुडिओनं या थीमचे तीस हजार घेतले असते.

पाचव्या दिवशी दुपारी घरी आलो. रात्री पाचवीची पूजा. सटवाई येऊन कपाळी नशीब लिहिते, म्हणून पाटावर कोरा कागद नि पेन ठेवतात. मी ठेवलेल्या कागदाच्या पाठीमागे माझ्याच अक्षरात कोटेशन निघालं: बारा एडिटेड, दोन ड्रेस, जीएसटी अठरा टक्के. आजीनं वेळेवर कागद बदलला. नाहीतर पोरगं जन्मभर जीएसटी भरत बसलं असतं. तसं ते भरणारच आहे म्हणा.

तारखेचा खरा घोळ पुढेच झाला. दहाव्यापर्यंत सुवेर, बाहेरचं माणूस बाळंतिणीच्या खोलीत नको. अकरावा आवराआवरीत गेला. बाराव्याला बारसं. राहिले तेरावा आणि चौदावा. मी निरागसपणे म्हणालो, "मग तेराव्याला बोलावू का?"

घरात शांतता पसरली.

"आरं शान्या," आजी म्हणाली, "तेराव्याला फोटोला हार घालत्यात, फोटो काढत न्हाईत."

चौदाव्याला अमावस्या निघाली. अशा रीतीनं पाचवा ते चौदावा हा अख्खा मुहूर्त आमच्या कॅलेंडरनं गिळून टाकला. पुण्याच्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, 'सर, मग सहाव्या महिन्यात सिटिंग शूट करू.' आणि तिनं फोन ठेवला.

मग मी गावातले बघायला निघालो. पहिला लग्नाचे फोटो काढणारा. त्यानं डोहाळेजेवण, बारसं आणि जावळ एकत्र घेतल्यास ड्रोन फुकट देऊ केला. बाळंतिणीच्या खोलीत ड्रोन कुठे फिरवणार, विचारलं तर म्हणाला, "गच्चीवरनं घेऊ की. घर दिसतं." त्याच्या नमुन्यांतलं एक बाळ आंब्याच्या फांदीला झोळीत टांगलेलं होतं. मला फांदीचीच काळजी वाटत राहिली.

दुसरा आमचा जुना स्टुडिओवाला. माझा लहानपणीचा फोटो यांनीच काढलाय: चार महिन्यांचा मी, रेक्झिनच्या स्टुलावर पालथा, अंगावर करगोट्याशिवाय काही नाही, कपाळावर रुपयाएवढी तीट आणि कुणीतरी घर लुटून नेल्यासारखा चेहरा. तो फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. मला बघायला आलेली प्रत्येक मुलगी चहा येईपर्यंत तोच बघते, आणि माझं लग्न अजून का जमलेलं नाही याचं दुसरं कारण मला सापडलेलं नाही. काका म्हणाले, "मान धरली की आण. मान न धरलेल्या पोराचा कसला फोटो?" काकांचं म्हणणं मला पटलं. दाजींना पटलं नाही.

तिसऱ्या मिरजेच्या बाई. त्या आधी नुसत्या बाळाला बघायला आल्या. पैशाचं बोलल्या नाहीत. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं, मोरीत जाऊन कोपरापर्यंत साबणानं हात धुतले, पुसले, मग तळवे एकमेकांवर चोळून गरम केले आणि तेव्हा कुठे पोराला हात लावला. आजी दारात उभी राहून हे सगळं परीक्षकासारखी बघत होती. "हिला मूल कळतंय," ती माझ्या कानात म्हणाली. निवड तिथेच झाली. पंधरावा दिवस चालेल का, विचारलं तर बाई म्हणाल्या, "त्याला कुठं दिवस मोजता येतात?"

पंधराव्याला खोलीत आठ माणसं, पंखा बंद. पोरगं गाढ झोपलेलं, बाकीचे गळत होते. थीम एकच ठरली: आजीच्या जुन्या नऊवारीचं दुपटं अंथरलेलं सूप. बाळकृष्ण, वारकरी, पायलट तिघेही पाडले. बाबा थोडा वेळ फुगले.

बाईंनी बाळ जागं होऊ नये म्हणून मोबाइलवर सूं करणारा आवाज लावला. आजी पदर खोचून उठली. "पाणी आलं! आरं, पाणी आलं!" आई घागर, मी बादली. नळ कोरडा. परत येईस्तोवर पोरगं जागं होऊन सुपातून कारंजं उडवून मोकळं झालं होतं. दुपटं बदललं. नवं दुपटं पहिल्यापेक्षा छान निघालं, हे बाईंनी लगेच कबूल केलं.

मग हनुवटीखाली दोन्ही हात घेतलेला तो प्रसिद्ध फोटो. दाजींचा एवढा एकच हट्ट राहिला होता. मी घाबरलो, मान मोडेल म्हणून. बाई म्हणाल्या, "ते पोर स्वतः तसं बसत नाही हो. दोन फोटो जोडलेले असतात. मामा, आधी डोकं वरून धरा." मी धरलं. "आता हात खालून धरा." मी धरले. माझ्या तर्जनीवर त्या डोक्याचा भार होता, आणि टाळूवरची मऊ जागा बोटाशेजारी हळूहळू खालीवर होत होती. मी श्वास रोखून धरला होता. दाजी म्हणाले, "घाम पुस." कुठल्या हातानं पुसणार?

मध्येच पोरगं झोपेत हसलं. एवढ्या लवकर ते कुणाकडे बघून हसत नाही, ते हसू आपोआप येतं, असं बाई म्हणाल्या. सटवाई हसवते, असं आजी म्हणाली. दोघींनी एकमेकींकडे बघून मान डोलावली.

आठवड्यानं बारा फोटो आले. सुरेख होते. अर्थी टोन होता. ताई रडली. दाजींनी हनुवटीखाली हात घेतलेला तो फोटो मोठा करून फ्रेम करवला आणि माझ्या स्टुलावरच्या फोटोशेजारी टांगला. सगळे बघत असताना आजी जवळ गेली, चष्मा वर केला, आणि म्हणाली, "तीट कुठाय?"

गालावर तीट लावलेली होती, मी स्वतः पाहिली होती. बाईंनी सगळे डाग साफ करताना तीही साफ केली होती. माझं बोटही.

आजी आत गेली, काजळाची डबी घेऊन आली, आणि फ्रेमच्या काचेवर, बरोबर गालाच्या जागी, करंगळीनं एक ठिपका दिला. आई दर रविवारी काच पुसते. आजी दर सोमवारी पुन्हा लावते. माझ्या बोटाचं अजून कुणी विचारलेलं नाही.