सर, आत्ताच आला होता!

साधा बग प्रामाणिक असतो. अमुक बटण दाबलं की प्रोग्राम मरतो, पुन्हा दाबलं की पुन्हा मरतो. त्याला निदान तोंडावर शिव्या घालता येतात. मल्टिथ्रेडिंगचा, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये अनेक कामं (थ्रेड) एकाच वेळी चालवण्यातला, बग मात्र टेस्टरला दिसतो, गिऱ्हाइकाला दिसतो, फक्त माझ्या लॅपटॉपवर यायचं नाव घेत नाही. मी खुर्ची ओढून टेस्टरच्या शेजारी बसलो की तो निमूट निघून जातो.

आमच्याकडे साड्यांच्या एका ऑनलाइन दुकानाचं काम आहे. ऐन दिवाळीत शेवटची उरलेली एक पैठणी दोघींना विकली गेली. पावत्या दोघींकडे, पैसे दोघींचे कापलेले. कोडमध्ये ओळ एवढीच: साठ्यातून एक वजा. आपल्याला ती एक दिसते, प्रोसेसरला तीन कामं असतात: आकडा वाचा, एक वजा करा, परत लिहा. पहिल्या थ्रेडने 1 वाचला. तो लिहिणार तेवढ्यात दुसऱ्यानेही 1 वाचला. मग दोघांनी इमानेइतबारे 0 लिहिला. हिशेबात कुठेही खोट नाही, पैठणीच एक कमी!

चोर पकडायला मी मधे लॉगची, म्हणजे काय घडलं त्याची नोंद करणारी, एक ओळ घातली. बग गायब. ओळ काढली, बग हजर. लॉग लिहायला वेळ लागतो, शिवाय तिथे थ्रेड एकामागे एक थांबतात, त्यामुळे टक्करच टळते. मॅनेजर म्हणाले, "मग राहू दे की ती ओळ!" खरं सांगायचं तर क्षणभर मलाही मोह झाला.

अशा वेळी मी मंगळाची आठवण काढतो. 4 जुलै 1997 ला नासाचं पाथफाइंडर यान तिथे उतरलं आणि थोड्याच दिवसांत आपोआप रीसेट व्हायला लागलं. हवामानाच्या नोंदी ठेवणाऱ्या किरकोळ कामाने लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारी कडी) धरलेलं, एक फार महत्त्वाचं काम त्यासाठी ताटकळलेलं, आणि मधल्या दर्जाची कामं त्या किरकोळाची पाळीच येऊ देईनात. साहेबांची सही अडलीय, फाइल कारकुनाकडे, आणि कारकुनाला मधल्या टेबलांनी भलतीकडेच पिटाळलंय! इंजिनिअरांनी तोच घोटाळा पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर घडवून आणला आणि इथूनच एक सेटिंग बदललं: लॉक ज्याच्या हाती, त्याला तेवढ्यापुरता साहेबांचा दर्जा. त्यांना बग हवा तेव्हा घडवता आला, याचाच मला खरा हेवा वाटतो.

आम्हीही साठ्याला लॉक लावलं. त्याच संध्याकाळी सगळं ठप्प. एरर नाही, सीपीयू निवांत. थ्रेड डंप, म्हणजे कोणता थ्रेड कुठे अडलाय त्याची यादी, काढला, तर विक्रीचा थ्रेड साठ्याचं लॉक धरून खात्याच्या लॉकची वाट बघत होता, आणि परताव्याचा थ्रेड खात्याचं धरून साठ्याच्या. परताव्याचा कोड लिहिणारे गृहस्थ केव्हाच अमेरिकेला गेलेले. दोघांनी लॉक एकाच क्रमाने घ्यायची, असं ठरवल्यावर गाडं हललं.

टेस्ट रात्रभर चालवली. सकाळी मॅनेजर आले.

"गेला ना?"

"रात्रभर आला नाही."

"म्हणजे गेला?"

"आला नाही."

त्यांनी बगच्या तिकिटावर, म्हणजे तक्रारीच्या नोंदीवर, 'क्लोज्ड' लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात भर घातली: लॉगची ती ओळही असू द्यावी.